चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरताना: कोकण किनाऱ्यावरील खजिनाशोध सोडवण्याची पद्धत

मे महिन्याच्या सुटीत चाकरमानी गावी आले की एखाद्या वाडीत, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात किंवा मंडळाच्या कार्यक्रमात खजिनाशोधाचा खेळ ठेवला जातो. पेटीत फारसे मोलाचे काही नसते. चिठ्ठ्या लिहिणारा माणूस मात्र बहुधा गावातला जुना जाणता असतो आणि चार ओळींत किती गोष्टी लपवता येतील याचा त्याने पुष्कळ विचार केलेला असतो. अशा चिठ्ठ्या सोडवताना हुशार गटही कुठे फसतात आणि ते टाळण्यासाठी काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या खेळाला आत्मविश्वास लागतोच. ज्याला स्वतःच्या उत्तराची खात्री वाटत नाही तो उन्हात दोन किलोमीटर चालत जाणार नाही. प्रश्न तो कशावर ठेवायचा हा आहे. आत्मविश्वास तपासून झालेल्या पायरीपुरता असावा, संपूर्ण उत्तरावर एकदम नसावा. उत्तर मनाला पटले म्हणून तपासणे थांबले की त्याच क्षणी आत्मविश्वासाचा गाफीलपणा होतो, आणि आतून दोन्ही अगदी सारखे वाटतात, हीच अडचण आहे. गळाला मासा लागल्याची आणि गळ खडकात अडकल्याची ओढ हाताला सुरुवातीला एकच भासते. कल्पनाशक्तीचे म्हणाल तर बहुतेक गट ती चुकीच्या ठिकाणी खर्च करतात: चिठ्ठीतल्या शब्दांना नवनवे अर्थ चिकटवण्यात. ती लावायची असते चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या जागी उभे राहण्यासाठी.

समजण्यासाठी एक नमुन्याची चिठ्ठी घेऊ. गाव खाडीच्या मुखाशी आहे, देऊळ आहे, जुने बंदर आहे, आणि चिठ्ठी अशी आहे:

सात पायऱ्या उतरून ये, तहान मात्र राहू दे;
दोनदा उघडते दार रोज, एकदा ते पाहू दे.
देव जिथे पाठ फिरवी, तिथेच थोडा थांब;
आजोबांची अठरा पावले, मग राखणदाराचा खांब.

घरातून निघण्यापूर्वी

चिठ्ठी हाती पडताच पळत सुटणारे गट पाहायला मौजेचे असतात, पण जिंकणाऱ्यांत ते क्वचितच दिसतात. आधी चिठ्ठी मोठ्याने वाचावी, नंतर ती हाताने उतरवून काढावी, कारण उतरवताना प्रत्येक शब्दावर हात थांबतो आणि नजरेने ओलांडलेला शब्द तेव्हा सापडतो. मग प्रत्येक ओळीपुढे निदान तीन शक्यता लिहाव्यात. पहिली शक्यता आपोआप सुचते, दुसरी थोड्या विचाराने सुचते, आणि तिसरीसाठी खरोखर डोके चालवावे लागते. खटाटोप आहे तो या तिसरीसाठी.

पहिल्या ओळीतल्या सात पायऱ्या गावात कुठे कुठे आहेत? विहिरीला आहेत, जांभ्या दगडाच्या पाखाडीला, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेला आहेत, देवळाच्या तळीला आहेत आणि बंदराच्या धक्क्यालाही आहेत. ‘तहान मात्र राहू दे’ या शब्दांनी गोड्या पाण्याची ठिकाणे मागे पडतात आणि खारे पाणी असलेला धक्का पुढे येतो. येथवरचा तर्क चांगला आहे, परंतु तो अजून तर्कच आहे. आता एखादा सदस्य धक्क्यावर जातो, त्याला चारच पायऱ्या दिसतात आणि तो धक्का यादीतून खोडून परत येतो. तो भरतीच्या वेळी गेला होता, आणि उरलेल्या तीन पायऱ्या पाण्याखाली होत्या. एकदा पाहिले म्हणजे तपासले असे समजणे हा गाफीलपणाच होय. किनाऱ्यावरची कोणतीही मोजणी ज्या वेळी केली ती वेळ तिच्यासोबत लिहून ठेवावी, हा नियम येथे अतिशय कामाचा आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब

दिवसातून दोनदा उघडणारे दार म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा पट्टा असावा, हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला सुचायला वेळ लागत नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते. आपल्या किनाऱ्यावर सुमारे 24 तास 50 मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, त्यामुळे वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. जुन्या माणसांचा ठोकताळा असा की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. षष्ठीला सहाचे पाऊणपट साडेचार होतात, म्हणजे पूर्ण भरती साडेचारच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तासांहून थोडी आधी, सकाळी सव्वादहा-साडेदहाला. हा हिशेब ढोबळच आहे. खाडीत आत गेल्यावर वेळ आणखी उशिराची होते, म्हणून छापील किंवा मोबाइलवरील भरतीच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा आणि जवळच्या मच्छीमाराला विचारावे.

वेळेइतकेच महत्त्व भरतीच्या जोराला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप ओसरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा दोन्ही कमी. शिवाय हा फरक किनाराभर सारखा नाही. अलिबागच्या बाजूला तो मोठा असतो, म्हणूनच कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. मालवणच्या बाजूला तो बराच कमी असतो. एका गावचा अनुभव दुसऱ्या गावी जशाच्या तशा खात्रीने वापरणारे अनेकदा तोंडघशी पडतात, आणि त्यांत बहुधा समुद्राची उत्तम जाण असलेलेच लोक असतात.

आता चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. त्याने खेळाचा दिवस आधी ठरवला असणार. त्या दिवशी दिवसाउजेडी ओहोटी केव्हा आहे हे त्याने पाहिलेच असणार, नाहीतर त्याचे दार कोणालाच उघडे मिळाले नसते; ‘एकदा ते पाहू दे’ या शब्दांमागचे कारण हेच, की दोनांपैकी एकच ओहोटी उजेडात आणि सोयीच्या वेळी येते. मग खेळ सकाळी नऊला सुरू का ठेवला आणि दुपारी चारला का नाही, याचे उत्तरही मिळते. कार्यक्रमपत्रिकेतली वेळ ही पाचवी ओळच असते, आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

एक शक्यता मात्र उरते. वाळूचे पट्टे पावसाळ्यानंतर जागा बदलतात. लिहिणारा मुंबईत राहत असेल आणि त्याने आपल्या लहानपणीच्या पट्ट्यावरून ओळ रचली असेल, तर ती ओळ आजच्या किनाऱ्याशी जुळणार नाही. तेव्हा त्याने पेटी ठेवण्यासाठी स्वतः फेरी मारली की पुतण्याला पाठवले, याचा विचार करावा. विचारण्यात काही गैर नाही. आयोजकाला ‘काका, तुम्ही गावी केव्हा आलात?’ एवढे विचारले तरी बरेच कळते.

न जुळणारा शब्द

तिसरी ओळ सोपी आहे. पश्चिमेला समुद्र आणि देऊळ पूर्वाभिमुख असेल, तर पाण्याच्या बाजूने देवळाची पाठच दिसते. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर उभे राहून गावाकडे पाहिले की ओळ जुळते. तीन ओळी एकामागून एक जुळल्या की गटात उत्साह संचारतो आणि धोका नेमका इथे असतो.

गावाचा राखणदार कोण, हे सर्वांना ठाऊक असते: वडाखालचा दगड, ज्याला नारळ वाढवला जातो. गट तिकडे धावतो. तिथे खांब नसतो. मग कोणीतरी म्हणतो, ‘खांब काय, "थांब"शी यमक जुळवायला घातलाय.’ हे वाक्य कानावर पडले की शोध जागीच थांबवावा. गाफीलपणाची इतकी स्पष्ट खूण दुसरी नाही. उत्तर ठरले, आणि आता चिठ्ठीतला जो शब्द त्यात बसत नाही तो निरर्थक ठरवला जात आहे. चार ओळी लिहिणाऱ्याकडे वाया घालवायला शब्द नसतात. यमकासाठी घेतलेला शब्दही त्याने अर्थ पाहूनच घेतलेला असतो. न जुळणारा शब्द हीच सर्वांत मोठी मदत असते, कारण आपले उत्तर कुठे चुकले ते तोच सांगतो.

इथे कल्पनाशक्ती लागते. लिहिणारा सत्तरीचा आहे. त्याच्या लहानपणी बंदरात गलबते लागत होती, मालाची नोंद होत होती, आणि कस्टमच्या चौकीसमोर निशाणाचा खांब होता. आजच्या मुलांना ती चौकी म्हणजे कौले गेलेली एक पडकी खोली आहे. लिहिणाऱ्याच्या मनात बंदराचा राखणदार म्हणजे ती चौकीच. असा विचार वडाखाली बसून सुचत नाही. आजोबांना, गावातल्या जुन्या तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) किंवा आयोजकाच्या वयाच्या एखाद्या मावशीला ‘तुमच्या वेळी बंदरात काय काय होते?’ असे विचारले की सुचतो.

अठरा पावलांचे काय? अनेक गट टेप घेऊन अठराच्या आकड्याशी झगडत बसतात. तरुणाची एक ढांग पाऊण मीटरच्या आसपास असते, वृद्धाची त्याहून बरीच कमी, आणि पावलाला पाऊल लावून मोजले तर एक पाऊल सुमारे पाव मीटर. त्यामुळे अठरा पावले म्हणजे साडेचार मीटरही होऊ शकतात आणि साडेतेराही. म्हणून हा आकडा जागा शोधण्यासाठी वापरू नये, पडताळण्यासाठी वापरावा: खांब आधी ओळखावा, मग गटातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सावकाश चालायला सांगावे आणि आकडा साधारण जुळतो का ते पाहावे. जुळला तर आत्मविश्वासाला आधार मिळाला. पंधरा-वीसच्या आत आला तरी चालेल. पस्तीस भरली तर पुन्हा चिठ्ठीकडे वळावे.

प्रत्येक ठिकाणी निघण्यापूर्वी ‘तिथे काय दिसायला हवे’ हे एका वाक्यात लिहून ठेवण्याची सवय लावावी. पोहोचल्यावर ते दिसले नाही तर उत्तर पडले, इतका कडक नियम स्वतःशी करावा. आधी लिहिले नसेल तर पोहोचल्यावर जे दिसते तेच आपल्याला अपेक्षित होते असे वाटू लागते. गटातल्या एकाला केवळ हरकती घेण्याचे काम द्यावे. तो कोणाचा जावई नसावा, नाहीतर हरकती निघत नाहीत.

प्रसिद्ध उत्तर आणि लिहिणाऱ्याचे उत्तर

किल्ल्यांभोवती रचलेल्या खेळांत प्रसिद्धी हा मोठा सापळा असतो. ‘खाऱ्यात गोडे’ असे शब्द दिसताच सगळे सिंधुदुर्गाकडे बोट दाखवतात, कारण तिथल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी सर्वांना माहीत असतात. पण गोडे पाणी जंजिऱ्यातल्या तलावांतही आहे. समुद्रातल्या किल्ल्याला गोड्या पाण्याची सोय लागतेच, त्यामुळे ही खूण एका किल्ल्याची नसून जलदुर्गांची आहे. पहिले आठवणारे ठिकाण आणि बरोबर ठिकाण यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही.

याहून गमतीचे उदाहरण विजयदुर्गावर आहे. तिथे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवले जातात आणि नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात याच ठिकाणाहून हेलियमचा शोध लावला असे सांगितले जाते; त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. वस्तुस्थिती अशी की 1868 च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी गुंटूरहून केले, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास केला. ते विजयदुर्गला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी.

समजा पेटीच्या कुलपाचा चार अंकी क्रमांक ‘साहेब ओट्यावर बसला ते साल’ असा दिला आहे. ज्याने केवळ ऐकले आहे तो 1868 लावतो आणि कुलूप उघडले नाही तर कुलूपच बिघडले म्हणतो. ज्याने वाचले आहे तो 1898 लावतो, आणि त्याचेही कुलूप उघडले नाही तर आयोजक अडाणी आहे असे ठरवून मोकळा होतो. दोघेही गाफील आहेत, दुसरा थोडा अधिकच, कारण त्याच्यापाशी खरे ज्ञान आहे आणि त्याला ते पुरेसे वाटते. खेळात उत्तर असते ते लिहिणाऱ्याच्या डोक्यातले. तो शाळेतला इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे की गडावर पर्यटकांना फिरवणारा तरुण, हे पाहून कोणते साल आधी लावायचे ते ठरवावे आणि दुसरे हाताशी ठेवावे. खरे साल कोणते हा वाद पेटी उघडल्यावर आयोजकाशी निवांत घालता येतो.

मोठ्या शोधांतही हेच

अमेरिकेत फॉरेस्ट फेन यांनी 2010 च्या सुमारास रॉकी पर्वतात कुठेतरी एक पेटी लपवली आणि 24 ओळींच्या कवितेत तिचा पत्ता गुंफला. ती 2020 च्या जूनमध्ये वायोमिंग राज्यात सापडली. मधल्या दहा वर्षांत असंख्य लोक तिच्यामागे गेले आणि निदान पाच जणांनी जीव गमावला. लपवणारा माणूस त्या वेळी ऐंशीच्या उंबरठ्यावर होता. पेटी ऐवजासह सुमारे 19 किलोची होती, आणि आपण गाडीपासून दोन खेपा करून एका दुपारीत ती ठेवली असे त्याने स्वतः सांगितले होते. या तीन गोष्टी मनात ठेवून डोळ्यांसमोर त्या म्हाताऱ्याला चालवून पाहिले असते, तर फेसाळत्या नद्या आणि उभे कडे आपोआप वगळले गेले असते. कवितेच्या शब्दांवर मात्र लोकांनी दहा वर्षे कल्पनाशक्ती उधळली.

इंग्लंडमधले चित्रकार किट विल्यम्स यांनी 1979 मध्ये पुरलेल्या सोन्याच्या सशाची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे. सशाचा पत्ता विल्यम्स यांच्या पुस्तकातल्या चित्रांत लपवलेला होता. भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांनी ते कोडे अचूक सोडवले, जागेवर जाऊन खोदलेही, पण ससा त्यांच्या हाती लागला नाही आणि 1982 मध्ये तो दुसऱ्याच माणसाने मिळवला. कोडे सुटले म्हणजे खजिना मिळाला, असे नसते. शेवटच्या दोन हातांच्या अंतरात शोधण्याची शिस्त ही वेगळी विद्या आहे.

जागेवर पोहोचल्यावर

खांबाशी आलात. आता घाई सर्वांत जास्त होते, म्हणून आधी दोन मिनिटे कोणी कशालाही हात लावू नये. लपवणाऱ्याचे वय, उंची आणि त्याच्यापाशी असलेला वेळ यांचा विचार करावा: गुडघे दुखणारा माणूस खाली वाकून पुरणार नाही, कमरेच्या उंचीच्या कोनाड्यात ठेवील; उधाणाचे पाणी जिथे पोहोचते त्या खालच्या भागात कागद असलेली पेटी कोणी ठेवणार नाही; पोरे नेहमी खेळतात तिथेही नाही. मग जागेचे तुकडे पाडून एकेक जण एकेक तुकडा शोधतो, आणि झाल्यावर तुकड्यांची अदलाबदल करतो, कारण दुसऱ्याने पाहिलेल्या जागी आपले लक्ष अधिक जाते.

साधनांवरही आंधळा भरवसा ठेवू नये. मोबाइलवरचे स्थान मोकळ्या पुळणीवर काही मीटरपर्यंत बरोबर असते, माडांच्या दाटीत आणखी चुकते. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे येथील कातळशिल्पापाशी तर होकायंत्राची सुईच भलतीकडे वळते, हे अनेकांनी पाहिले आहे. जांभ्याच्या सड्यावर खेळ असेल तर दिशा सूर्यावरून ताडून घ्यावी.

खणण्याचा मोह आवरावा. गावच्या खेळात पेटी खोल पुरलेली नसतेच, आणि आयोजकाने खणायला सांगितल्याशिवाय पहार-कुदळ बाहेर काढू नये. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हे किल्ले संरक्षित स्मारके आहेत आणि 2025 च्या जुलैपासून जागतिक वारशाच्या यादीतही आहेत. तिथे दगड हलवणेसुद्धा गुन्हा ठरू शकतो. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत असतात, म्हणून तो पट्टा उकरूच नये. शोधता शोधता खरोखरच जुनी नाणी किंवा दागिने हाती लागले, तर 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ऐवज सापडल्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तो घरी नेऊन वाटून घेता येत नाही.

वाळूच्या पट्ट्यावर जाताना पाणी परत फिरण्याची वेळ गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावी आणि किनाऱ्यावर एक माणूस शिट्टी घेऊन उभा असावा. जून ते सप्टेंबर या काळात खाडीच्या मुखाशी असला खेळ ठेवूच नये. गणपतीत हौस असेल तर चिठ्ठ्या वाडीत, पाखाडीवर आणि देवळाच्या आवारात फिरवाव्यात. पेटी मिळाल्यावर ती जशी होती तशी बंद करून, चिठ्ठीसह, त्याच जागी ठेवावी आणि आयोजकाला बोलावून दाखवावी, कारण मागून येणाऱ्या गटांचा खेळ अजून चालू असतो.